शीड शिवायला बाहेर गेलेला शिंपी

सुमाच्या मैत्रिणीचा, नागरत्नाचा फोन आला तेव्हा मी दुकानात काज करत बसलो होतो. "अंकल, लगेच या," एवढंच ती म्हणाली, पुढचं तिच्याच्यानं बोलवेना. हातातलं काज मी पुरं केलं. का केलं ते विचारू नका... अर्धं सोडलेलं काज उसवतं, तेवढंच त्या वेळी डोक्यात आलं. सकाळी आस्पत्रेतून, म्हणजे दवाखान्यातून, सुमानंच मला पिटाळलं होतं. "दुकान उघडा अप्पा, सणाचे ब्लाउज अडकलेत, बायका माझ्या नावानं ओरडतील." मी ऐकलं. एरवी मी कुणाचं ऐकत नाही, त्या दिवशी ऐकलं. तिच्यापाशी पोचलो तेव्हा बोटातलं अंगुस्तान तसंच होतं, ते नागरत्नानं काढून माझ्या खिशात घातलं.

सुमा माझी एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली, त्यानंतर आम्ही दोघंच. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी निरोप पाठवला होता, सुमाबद्दल तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी नको म्हटलं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं विठ्ठलाच्या देवळात भजनाची पोथी समोर धरून शिकलो. पण माझ्या मुलीबद्दल लिहायला मला दुसऱ्याचा हात नको. चुकलं तर चुकलं.

ती मेटगळ्ळीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. संध्याकाळी बसनं विजयनगरला, दुकानासमोरच्या थांब्यावर, उतरली की घरी न जाता सरळ दुकानात यायची, इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसायची आणि पिशवीतून पुस्तक काढायची. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, मधूनमधून कन्नड. खुनाची, भुताची, आकाशात जाणाऱ्या माणसांची. मी मशीन चालवायचो आणि ती पानावर डोळे ठेवून आमच्या मराठीत सांगत जायची. आमची मराठी म्हणजे पुण्याचा माणूस ऐकून हसेल अशी, अर्धी कन्नडात भिजवलेली. तिच्या तोंडी खुनी पळताना "अय्यो देवरे" म्हणायचा आणि पोलीस त्याला "सुम्ने बस", गप्प बस, म्हणून दरडावायचे. मला वाटायचं, सगळ्या जगात माणसं अशीच बोलत असतील.

आणि तिची मतं! बोगादीला नागरत्नाच्या घरी आठदहा वाचणाऱ्या बायका रविवारी जमायच्या, तिथं म्हणे सुमा बोलायला लागली की बाकीच्या चहा प्यायच्या थांबायच्या. आधी ती मतं माझ्या दुकानात घासून घ्यायची. अलीकडं लेखकांनी सगळ्या तऱ्हेची माणसं गोष्टीत घ्यायला सुरुवात केलीय, हे तिला फार आवडायचं, पण सुटका कुणाची नव्हती. एका पुस्तकात डोंगरातल्या गावची म्हातारी नर्स खून शोधून काढते. सुमा म्हणाली, "खुनी कोण ते मला कधीच कळलं अप्पा. पण ही बाई घरी काय शिजवते, ते शेवटपर्यंत नाही कळलं. मग डोंगरातली कशाला घेतली?" दुसऱ्या एकात प्रत्येक जातीधर्माचं एकेक माणूस होतं. "कॅलेंडरवर मुलं हात धरून उभी असतात ना, तसं. हे ठिगळ आहे. उलटी बाजू बघितली की टाके दिसतात." हे उलट्या बाजूचं ती माझ्याकडनंच शिकली. कपडा चांगला शिवलाय का ते मी आतून बघतो. बाहेरून काय, कुणीही फसवतं.

एका भुताच्या गोष्टीला मात्र तिनं नावं ठेवली नाहीत. एक बाई मेल्यावरही गावच्या विहिरीवर जाऊ शकत नाही, कारण जिवंतपणी जाऊ देत नव्हते, आणि तिचं भूत लांब उभं राहून पाणी मागतं... पुस्तक मिटून सुमानं माझी कापडाची चिंधी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "हे भूत खरं आहे." तेवढंच. दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट तिनं काढली तेव्हा मी म्हटलं, हे असलं मला नको. ती वाचतच राहिली. ते दोन दिवस मी मुद्दाम मशीन जोरात चालवलं. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "मग त्या दोघींना भाड्यानं घर मिळालं का नाही?" ती इतकी हसली की समोरचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. "बघ, अप्पा विचारायला लागले!" म्हणून तिनं तिथल्या तिथं नागरत्नाला फोन लावला.

शेवटचं पुस्तक आकाशातलं. मोठं जहाज, पाचशे माणसं, देशोदेशींची. जहाजाला कापडाचं शीड, त्यावर ऊन पडलं की जहाज पुढं जातं. मी म्हटलं, "एवढी माणसं एवढी वर्षं चाललीत, त्यांचे कपडे फाटत नाहीत का?" ती थांबली. पानाकडं बघितलं, पान उलटलं आणि म्हणाली, "फाटतात की. शिंपी आहे ना." तेव्हापासून त्या गोष्टीत माझं लक्ष लागलं. शिंपी म्हातारा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, कप्तानाशी रोज भांडायचा. कप्तान म्हणायचा, लवकर दे. हा म्हणायचा, मग दुसऱ्याकडं जा. आकाशात दुसरा शिंपी कुठला मिळणार? मी म्हटलं, "या लेखकाला आमचं काम कळतं गं. कुठला आहे?" ती म्हणाली, "लांबचा आहे, अप्पा."

मग सुमा आजारी पडली, आजार वाढला. आस्पत्रेतही पुस्तक उशाला होतं, पण आता ते हातात धरवत नव्हतं, मिटलेलंच छातीवर ठेवून ती सांगायची. मला वाटायचं, आधी वाचून ठेवलं असेल. शीड फाटलं. शिंप्याच्या कमरेला दोर बांधून त्याला जहाजाबाहेर सोडलं. तो तिथं अंधारात लोंबकळत टाके घालतोय, दोरा संपत आलाय, आणि कप्तान आतून ओरडतोय, आत या, दार बंद करायची वेळ झाली. शिंपी म्हणतो, अर्धं टाकून मी येणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"उद्या अप्पा. दम लागला."

"एवढं तरी सांग, आत येतो का नाही?"

"उद्या म्हटलं ना... किती हट्टी तुम्ही."

सकाळी तिनं मला दुकानात पिटाळलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

सुमाचं दिवसकार्य झाल्यावर नागरत्ना दुकानात आली. पुस्तक त्यांच्या मंडळाचं, पण ती म्हणाली, राहू द्या तुमच्याकडं. ती कन्नड, आणि आम्ही दोघं कन्नडातच बोलतो. मी म्हटलं, तू वाचलंयस ना? मला फक्त एक सांग. तो शिंपी आत आला का?

"कुठला शिंपी?"

"अगं, शीड शिवायला बाहेर गेला तो."

तिनं पुस्तक घेतलं, पानं चाळली, पुन्हा चाळली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. "आ पुस्तकदल्लि टेलर यारू इल्ल, अंकल," ती हळूच म्हणाली. त्या पुस्तकात शिंपी कुणी नाहीच. शीड फाटतं ते खरं, पण ते एक यंत्र आतल्या आत सांधून टाकतं. मी तिच्यावर ओरडलो. नीट बघ म्हटलं, इंग्रजी येतं ना तुला. ती बिचारी पुन्हा पानं बघत राहिली. मग तिला आठवलं. या पुस्तकावर सुमा मंडळात म्हणाली होती, "सगळ्या देशांची माणसं घेतली, छान केलं. पण पाचशे जणांचे कपडे कोण शिवतं हे या लेखकाला सुचलं नाही." सगळ्या हसल्या होत्या.

मला आधी राग आला. जन्मभर लेखकांच्या ठिगळांवर बोलली आणि मलाच नेऊन चिकटवलं! तो राग घेऊन मी बरेच दिवस मशीनवर बसलो. तिनं सांगितलेली ती सगळी गोष्ट आठवून आठवून मी उलटी करून बघितली. तो भांडतो ते, चष्म्याची काडी, दुसऱ्याकडं जा म्हणतो ते... कुठं टाका दिसतो का बघितलं. माझे डोळे अजून चांगले आहेत. एक टाका दिसला नाही.

नागरत्ना म्हणते, पुढचं मी वाचून दाखवते. मी नको म्हटलं. त्यात तो नाही. तो आत आला का, ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. कुठल्या पुस्तकाच्या दुकानात विचारू, कुणाला फोन लावू?

संध्याकाळी बस थांबली की मी मशीन थांबवतो, पाय आपोआप उचलला जातो. स्टूल जागच्या जागी आहे. पुस्तक इस्त्रीच्या टेबलावर आहे, आणि सुमा खुणेला घालायची तो माझ्याच रिळाचा पांढरा कच्चा दोरा त्यातून बाहेर लोंबतो. कच्चा टाका पक्की शिलाई मारून झाली की काढून टाकायचा असतो. हा मी काढलेला नाही.