बाबांचं कर्ज मी फेडलं

ऐका, आणि मग खुशाल हसा. माणूस मूर्खपणानं फसतो म्हणतात ना? मी शहाणपणा करायला गेलो आणि फसलो, तेही छाती पुढे काढून!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमचे बाबा कळंबच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले. पेन्शन वेळेवर, शेती मी बघायचो, घरात कशाला कमी नाही. आणि हा माणूस सोसायटीतून कर्ज काढतो! एक फिटत आलं की दुसरं. का, ते सांगत नाही. विचारलं की तंबाखू मळत आढ्याकडे बघतो.

माझं डोकंच फिरलं. या वयात माणसाला पैसा लागतो कशाला? जुगार म्हणावं, तर बाबांना पत्ते धरता येत नाहीत. मेव्हण्यानं तर डोळा मारला. माझ्या बापाबद्दल!

तडक सोसायटीत गेलो आणि चार लोकांदेखत सेक्रेटरीला फैलावर घेतलं. म्हाताऱ्या माणसाला भुलवता, लाज नाही वाटत? तो बिचारा सांगत होता, की बाबा नेलेल्या पैशातूनच हप्ते भरतात, व्याज तेवढं पेन्शनीतून देतात. पण मला ऐकायचं होतं कुठं? कापूस विकल्याचे पैसे खिशात होते. तिथंच सगळं कर्ज फेडलं आणि घरी येऊन जाहीर केलं, आता बाबांच्या डोक्यावर कोणाचं काही नाही.

बाबांच्या हातातली चिमूट खाली सांडली. आई मात्र चूल सोडून बाहेर आली.

"चला मंग काशीले," ती म्हणाली.

आता कर्ज डोक्यावर ठेवून काशीला जाऊ नये, हे तुम्हाला माहीत आहेच. आणि गेलं की आपली आवडती वस्तू तिथं कायमची सोडायची, हेही. बाबांनी काय सोडायचं, ते आईनं कधीचंच ठरवून ठेवलं होतं. म्हणून बाबा इतकी वर्षं कर्जाआड लपून बसले होते.

"मग मला सांगायचं होतं ना!" मी चिडलो.

"तुले सांगतलं असतं, त तू मायले सांगतलं असतं," बाबा म्हणाले.

दोघा म्हाताऱ्यांना एकटं कसं पाठवायचं? मलाच सोबत जावं लागलं. बाबांनी गंगेत उभं राहून, डोळे पुसत तंबाखू सोडली. मी काठावर उभा राहून हसत होतो. बाबा ओलेत्यानंच आईकडे वळले.

"हा बी आलाच हाये, त याले बी सोडू दे ना काही. याले काय आवडते, तुले ठाऊकच हाये."

तेव्हा माझ्यासमोर तो चहाचा कप ठेवू नका. तुम्ही घ्या, मी नुसता वास घेतो.