आबांची उजवी बाजू

आबांच्या डाव्या बाजूला आमच्या घरात कुणी बसत नसे. ते मिलिटरीत तोफखान्यात होते, एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा डावा कान कायमचा गेला. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली मी लग्न होऊन शिरपूरजवळच्या त्यांच्या गावी आले, आणि पहिल्याच सकाळी सासऱ्यांना चहा देऊन त्यांच्या डावीकडे बसले. दोनदा काही विचारलं, तर उत्तर नाही. आपलं काही चुकलं म्हणून मी रडकुंडीला आले. तेवढ्यात त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या उजवीकडची जागा थोपटत, हसत म्हणाले, "तठे तोफ बठेल शे, बेटा. आठे ये."

गावात त्यांना 'मिलिटरीवाले आबा' म्हणत. नोकरी संपवून परत आल्यावर त्यांनी कापसाची शेती केली, पण सवयी पलटणीतल्याच राहिल्या. पहाटे उठून दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि अंगणात एका ओळीत लावलेल्या सगळ्यांच्या चपला. पंधरा ऑगस्टला शाळेतले गुरुजी त्यांना मुलांपुढे उभं करत आणि लढाईची गोष्ट सांगा म्हणत. आबा सांगायचे ते चिखलाचं. "तोफ चिखलात रुतली, आम्ही दिवसभर ओढली. आपल्या गावचे बैल तिथे असते तर लढाई लवकर संपली असती." मुलं हसत, गुरुजी हिरमुसत. शत्रू, गोळ्या, मेलेली माणसं यांच्याविषयी त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. घरातही नाही.

ते एकदाच बोलले, आणि ते माझ्याशी. माझा नवरा शिरपूरच्या एका सूतगिरणीत होता. पाळी संपवून मोटरसायकलवर घरी येताना हायवेवर त्याला ट्रकने उडवलं. आमची तेजू तेव्हा पहिलीत होती. आबांनी एकुलत्या एका मुलाला अग्नी दिला, घरी येऊन पाय धुतले आणि सासूबाईंच्या शेजारी बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं कुणी पाहिलं नाही. लोक म्हणाले, मिलिटरीचा माणूस, काळीज दगडाचं.

त्या दिवसांत भावकीतल्या चार बायका माझ्या बांगड्या आणि कुंकू उतरवायला आल्या. मी आतल्या खोलीत तेजूला घेऊन बसले होते. आबांनी खुर्ची उचलली, खोलीच्या दारातच ठेवली आणि डावा कान बायकांकडे करून बसले.

"आबा, जरा सरका," त्यांतली वडीलधारी म्हणाली.

"काय?"

"आत जायचं आहे. रीत आहे ती."

"माले आयकू येत नही."

ती ओरडून बोलली, मग दुसरी बोलली. आबा समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसून होते. बाहेरच्या पडवीतले पुरुष आत येऊन समजावू लागले, तरी त्यांनी मान वळवली नाही. ऊन उतरलं तेव्हा बायका कंटाळून निघून गेल्या. मग आबा उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि मला म्हणाले, "जेवी ले, बेटा." एवढंच. सासूबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून रडत होत्या, पण त्यांनी माझं ताट वाढलं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी अंगणात मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला. मी शिरपूरला एका शाळेत शिकवत होते. वर्षभर मी उंबरा ओलांडायचा नाही असं पाहुण्यांत ठरून गेलं होतं. आबा मोपेडवर बसून हाक मारत होते, "चाल बेटा, शाळाना टाइम व्हई गया."

मला हे क्रूर वाटलं. रस्त्यात मी रडू लागले तशी त्यांनी बाभळीखाली गाडी थांबवली. तेव्हा ते बोलले. त्यांच्या तोफेवर त्यांच्याबरोबर साताऱ्याकडचा एक जोडीदार होता. दोघं एका ताटात जेवायचे. एका सकाळी तो बोलता बोलता शेजारीच कोसळला. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, तर साहेब मागून ओरडला, "अगला गोला!"

"मी गोळा भरला," आबा म्हणाले. "हात रक्तानं निसरडे झाले होते, तसाच भरला. त्या साहेबाला मी पुष्कळ वर्षं शिव्या दिल्या. मग कळलं, मी जोडीदाराजवळ बसून राहिलो असतो तर परत उठलोच नसतो." गाडीचं हँडल पुन्हा धरत म्हणाले, "तू मला शिव्या दे. पण शाळेत जा."

मी गेले. कित्येक महिने ते मला असे एसटी स्टँडवर सोडत आणि संध्याकाळी आणायला येत.

दगड म्हणणाऱ्यांनी आबांना गिरणीची पाळी सुटायच्या वेळी पाहिलं नव्हतं. त्या सुमाराला ते ओट्यावर येऊन बसत आणि उजवा कान रस्त्याकडे करत. लांबून मोटरसायकलचा आवाज आला की त्यांचे हात गुडघ्यावर घट्ट होत. गाडी पुढे निघून गेली की सैल पडत. मी घरी असले तर तेव्हा जाऊन त्यांच्या डावीकडे बसे. उजवी बाजू मोकळी ठेवी.

दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं. भुसावळचा, रेल्वेत नोकरीला असलेला, बायको वारलेला माणूस. "चांगला आहे. तेजूला सांभाळीन म्हणतो," आबा म्हणाले. मी म्हटलं, "तेजू लहान आहे, आबा. नको." ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढे सासूबाई गेल्या. घरात आम्ही तिघं उरलो. तेजू शिकून नाशिकला नोकरीला लागली, मग दोघंच. ते वरण ढवळत, मी भाकरी थापत असे.

गेल्या हिवाळ्यात आबांच्या छातीत पाणी झालं. धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नव्हती. एका दुपारी मी त्यांना मोसंबीचा रस चमच्याने पाजत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"एक काम राही गयं, बेटा."

"कोणतं?"

"तुनं लगीन. लावाले पाहिजे व्हतं. तू नही म्हनी, माले बरं वाटनं. मी म्हतारा, माले सोबत पाहिजे व्हती. म्हनीसन जोर कया नही."

इतकी वर्षं हा माणूस हे उराशी घेऊन माझ्यासमोर जेवत होता.

"मी मजेत आहे आबा," मी म्हटलं.

त्यांचे ओठ किंचित हसले. "खोटं बोलस तू," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर ते स्पष्ट असं काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी गेले.

तालुक्यातले माजी सैनिक आले होते. म्हाताऱ्या माणसांनी काठ्या बाजूला ठेवून सलाम केला. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी आणि तेजू गेलो, कुणी अडवलं नाही. आबांच्या पुतण्याने अग्नी दिला. चितेतल्या कापसाच्या वाळक्या पळाट्या तडतडल्या, ज्वाळा वर चढल्या, लोक हळूहळू मागे सरले.

मी तिथेच उभी होते. ते स्थळ मी तेजूसाठी नाकारलं, की घाबरून, की दोन म्हाताऱ्या जिवांकडे बघून, हे मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण त्यांना ते ओझं घेऊन जाऊ द्यायचं नव्हतं.

"मला इथेच राहायचं होतं, आबा," मी मोठ्याने म्हटलं.

तेजूने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता तिने माझा हात धरला.