ब्रेक दाबून धरणारी माणसं

गॅरेजमध्ये भंगार किती साठलंय हे दिवाळीची साफसफाई काढली की कळतं. किस्से किती साठलेत हे मात्र एखादं गिऱ्हाईक गाडी होईपर्यंत स्टूल ओढून बसलं, की कळतं. अमडापूरला रशीदभाईंच्या गॅरेजात मी अठरा वर्षं काम करतोय. इंजिनाचे किस्से थोडे, क्लचचे त्याहून थोडे, पण ब्रेकचे विचारू नका. ब्रेकचं काम दोघांचं असतं, आणि दोन माणसं एकाच नळीला लटकली की काहीतरी घडतंच.

*

आधी काम कसं चालतं ते सांगतो. डिस्क ब्रेकच्या नळीत ब्रेक ऑइल असतं. त्यात हवा शिरली की ब्रेक दाबल्यावर हाताला नुसतं भुसभुशीत लागतं, चाक काही थांबत नाही. मग एकाने ब्रेक चार-पाचदा दाबायचा आणि दाबूनच धरायचा. दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, उघडायची, बुडबुडे निघाले की बंद करायची. ती बंद व्हायच्या आत वरच्याने हात सोडला, तर सगळी हवा परत आत!

म्हणून रशीदभाईंचा नियम कडक. "मी सोड म्हणल्याबिगर सोडाचं नाही. भूकंप झाला तरी नाही."

एका शुक्रवारी मी ब्रेक धरून उभा होतो. रशीदभाईंनी निपल बंद केली, अजान ऐकली, हात धुतले आणि नमाजला निघून गेले. 'सोड' म्हणायचं राहूनच गेलं. मी आपला धरून. चहावाला आला, त्याने कप माझ्या तोंडाला लावला. अर्ध्या तासाने रशीदभाई परत आले.

"काऊन बे, अजून धरूनच हायेस?"

"तुम्ही सोड म्हणलेच नाही."

"मले कामाले असाच माणूस पायजे होता," म्हणाले आणि पुन्हा चाकापाशी बसले. 'सोड' तेव्हाही म्हणाले नाहीत.

*

तर अशा आमच्या गॅरेजवर गेल्या हिवाळ्यात उंद्रीचे प्रल्हादभाऊ एटीव्ही घेऊन आले. म्हणजे टेम्पोत घालून आणली. चार जाड चाकं, वर मोटरसायकलचं हँडल. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टकडून घेऊन दिलेली. रस्त्यावरचा एक म्हातारा थांबून म्हणाला, "हे ट्रॅक्टरचं लेकरू होय का?"

रशीदभाईंनीही अशी गाडी पहिल्यांदाच बघितली. दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, मग निकाल दिला. "चार चाकं हायेत म्हंजे गाडी. हँडल हाय म्हंजे फटफटी. ब्रेक मात्र ब्रेकच राह्यते. ठेवा इथं."

हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण मात्र नव्हतं. प्रल्हादभाऊंचा डावा पाय अपघातात गुडघ्याखालून गेलेला. नंतरची तीन वर्षं ते ओट्यावर बसून होते. वावराची वाट काळ्या मातीची, तिथे बाजूला चाकं लावलेली स्कूटर रुतायची आणि कुबडीही रुतायची. ही गाडी आली आणि माणूस पुन्हा मनाला येईल तेव्हा वावरात जाऊ लागला. आणि आदल्याच आठवड्यात वावराच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही, गाडी सरळ तुरीत. खरचटण्यावर निभावलं. पण त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं.

"या उतारावर गाडी थांबवून दाखवली त राहील. नाही त विकली. मले माणूस पायजे, गाडी नाही."

प्रल्हादभाऊ आम्हाला एवढंच म्हणाले, "रशीदभाई, गाडी गेली त मी पुन्हा ओट्यावर."

*

आता ब्रेक का गेला? रशीदभाईंनी हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी उघडली. आत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. पुन्हा घेतला.

"प्रल्हादभाऊ, यात काय टाकलं?"

"तेल."

"कोनतं?"

प्रल्हादभाऊंनी आधी बरोबर आलेल्या बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "कमी दिसलं म्हणून टाकलं थोडं. घरात तेवढंच पातळ, चांगलं तेल होतं."

"शिलाई मशीनचं," रशीदभाई म्हणाले. त्या तेलाने आतली सगळी रबरं फुगली होती.

सुमनबाई ब्लाउज शिवतात. त्या शांतपणे उठल्या, नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "महिन्यापासून मी बाटली शोधून राह्यली. शेजारणीवर आळ घेतला मी. तिच्याशी बोलणं बंद हाय माह्यं!"

रशीदभाईंनी डबीचं झाकण हळूच लावलं. म्हणाले, "रबरं मी बदलतो. शेजारणीचं तुमचं तुम्ही पाहा."

*

रबरं बदलली, नळ्या धुतल्या. नवीन ब्रेक ऑइलची बाटली फोडताना मला साखरखेर्ड्याचे एक गुरुजी आठवले. ब्रेक ऑइलची बाटली एकदा उघडली की ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून रशीदभाई उरलेलं कधीच वापरत नाहीत. गुरुजी मात्र वर्षभरापूर्वीची अर्धी बाटली घेऊन आले होते, सात पिशव्यांत गुंडाळून.

"हे चालत नाही, गुरुजी."

"अहो, देवघरात ठेवली होती. कुणी हातसुद्धा लावला नाही."

रशीदभाई अडचणीत आले. "देवाजवळची हाय, फेकाची हिंमत नाही होत. आन गाडीत टाकली त तुम्ही देवाजवळ जासान." बाटली फळीवर सगळ्यात वर ठेवली. नवीन ऑइल टाकून गुरुजींना रवाना केलं.

ती अजून तिथेच आहे. दर शुक्रवारी रशीदभाई तिच्यावरची धूळ पुसतात.

*

प्रल्हादभाऊंच्या गाडीची हवा मात्र निघता निघेना. ऑइल भरलं, दाबलं, धरलं, निपल उघडली, बुडबुडे आले. दुसऱ्या चाकाला तेच. सकाळची दुपार झाली, माझ्या बोटांना मुंग्या आल्या, तरी ब्रेक भुसभुशीतच. प्रल्हादभाऊ समोरच्या बाकावर बसून प्रत्येक बुडबुडा मोजत होते. माणसाचा जीव असा टांगलेला, पण हवेला त्याचं काय?

पुण्याहून मुलाने व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस पंप लावून एकट्याने ब्रेकमधली हवा काढत होता. दाबून धरायला कुणी नको. मला वाटलं, अठरा वर्षांची माझी नोकरी गेली. रशीदभाईंनी तो व्हिडिओ चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"हा एकटाच काऊन करून राह्यला? याचं घरी कोनाशीच पटत नाही काय?"

मग त्यांनी गाडीची पुढची चाकं विटांवर चढवली, हँडल तिरकं करून डबी सगळ्यात उंच आणली आणि नळीवर पान्याने टकटक करत बसले. कुठे तरी वळणात अडकलेला एक मोठा बुडबुडा डुबकन वर आला. मी ब्रेक दाबला. दगडासारखा कडक! रशीदभाईंनी प्रल्हादभाऊंचा हात धरून ब्रेकवर ठेवला. त्यांनी एकदा दाबला, दोनदा दाबला, आणि डोळे पुसले.

*

गॅरेजसमोर गाडी दहा वेळा थांबवून दाखवली. सुमनबाई काही ऐकेनात. "सपाटीवर त बैलगाडीबी थांबते. उतारावर दाखवा."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं त्यांच्या वावराच्या उतारावर. प्रल्हादभाऊ वर गाडीवर बसले. रशीदभाई आणि मी बाजूला. सुमनबाई उतार उतरून खाली गेल्या आणि बरोबर चाकोरीच्या मधोमध, गाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"या आता," त्या म्हणाल्या.

"बाजूले हो, सुमन."

"ब्रेक लागते ना? मंग या."

प्रल्हादभाऊंनी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाईंनी टोपी नीट केली आणि जाऊन सुमनबाईंच्या शेजारी उभे राहिले. काम त्यांचं होतं ना! मग मलाही बाजूला उभं राहणं बरं दिसेना. मीही गेलो. आम्ही तिघं खाली ओळीत, वर चालू इंजिन.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. गाडी जागची हलली नाही.

मग इंजिन बंद झालं. प्रल्हादभाऊंनी कुबडी काढली आणि उतरू लागले. ओली माती, तिरका उतार, एकेक पाऊल टाकत. आम्ही धरायला धावलो तर हाताने थांबवलं. घामाघूम होऊन सुमनबाईंपुढे येऊन उभे राहिले.

"ब्रेकवर माहा भरोसा हाय," ते म्हणाले. "पण तुह्या आंगावर गाडी मले आणता येत नाही. विकून टाक."

आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

सुमनबाईंनी किल्लीकडे पाहिलं. पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं, आमच्यादेखत. त्यांचा दंड धरला आणि दोघं हळूहळू उतार चढू लागले.

रशीदभाईंना राहवलं नाही. "वहिनी, ब्रेक पाह्याचा त राहूनच गेला!"

त्या वर पोचल्या होत्या. नवऱ्याला गाडीवर पुढे बसवलं, किल्ली लावली आणि स्वतः मागे चढून बसल्या.

"तुम्ही दोघं बाजूले व्हा," सुमनबाई म्हणाल्या.