अर्ध्या तासानं बंद पडणारी गाडी

शहाद्याहून म्हसावदच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधूनमधून ऊस. त्या रस्त्यावर भर दुपारी आप्पांची गाडी पुन्हा एकदा बंद पडली. इंजिननं दोन-चार आचके दिले, आप्पांनी अॅक्सिलरेटर पार खाली दाबला, तरी वेग उतरतच गेला आणि गाडी निम्मी रस्त्यावर, निम्मी मुरमावर अशी उभी राहिली. मागून उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आला. त्याला पुढे जायला जागा नव्हती. तो हॉर्न वाजवत राहिला. त्याच्यामागे एक जीप थांबली, आणि जीपमधली माणसं माना बाहेर काढून आमच्याकडे बघायला लागली.

"मरी गयी," आप्पा म्हणाले.

मी उतरून मागून ढकललं, जीपमधल्या दोघांनी हात लावला, गाडी कडेला गेली. ट्रॅक्टर निघून गेला. आप्पा स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. त्यांचा डावा हात थरथरत होता, आणि तो मला दिसू नये म्हणून त्यांनी तो मांडीखाली घातला. थोड्या वेळानं त्यांनी किल्ली फिरवली. काही झालंच नव्हतं अशा थाटात गाडी सुरू झाली.

बघायला लोक गर्दी करायचे अशीच ती गाडी होती. जुन्या विलायती स्पोर्ट्‌स कारच्या धर्तीवर गुजरातेतल्या कुण्या कारागिरानं बांधलेली, दोनच माणसांची, लाल, वर कापडी छप्पर, लांबलचक बॉनेट, पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन गोल दिवे. आत मात्र आपल्याकडच्या एका जुन्या मोटारीचं इंजिन. आप्पांनी ती सुरतेच्या एका माणसाकडून आणली, तेव्हा गावात कुणी तिला गाडी म्हणालं नाही, लगीनगाडी म्हणाले. दर लग्नसराईत नवरदेवासाठी मागायला लोक यायचे. आप्पा कुणालाच द्यायचे नाहीत. जन्मभर केळी आणि कापूस केलेल्या, पांढऱ्या टोपीतल्या माणसानं ही असली गाडी कशाला घेतली, हे आईलाही कळलं नव्हतं. त्यांना एकच सांगता यायचं: एकदा हिच्यातून, स्वतः चालवत, तोरणमाळचा घाट चढायचाय.

घाई होती ती आजारामुळे. हाताच्या थरथरीचं निदान झालं तेव्हा सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या लागू पडतायत तोवर सरळ रस्त्यावर थोडीफार गाडी चालवा, पुढे मात्र सोडावी लागेल. ते ऐकून मी पुण्याहून घरी आले. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, ते घरूनही चालतं. म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात नेटवर्क येतं तिथे बसलं तर चालतं. पण तिथे बसवत नव्हतं. मीटिंगमध्ये कुणी बोलत असायचं आणि माझं लक्ष खाली शेडकडे. शेडमध्ये आप्पा पाना टाकायचे, उचलायचे, बॉनेट उघडायचे, मिटायचे. बसून राहणं त्यांना जमत नव्हतं, आणि त्यांना बघून मलाही.

गाडीचा रोग एकच होता. घरून निघाली की पहिला अर्धा तास उत्तम. मग आचके, मग बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. शहाद्यापर्यंत जाऊन यायला काही अडचण नव्हती. घाटात मात्र वळणावर, चढावर, मागे जीप असताना ती बंद पडली तर काय?

"कॉईल तापी ऱ्हायनं, दुसरं काही नही," आप्पांचं पहिलं मत. स्पार्क प्लगना ठिणगी पुरवणारी ती कॉईल. त्यांनी तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं. गाडी बंद पडली. मग कॉईल बदलली, प्लगही बदलले. गाडी बंद पडली. शहाद्याचे मिस्त्री आप्पांचे जुने मित्र. ते म्हणाले, इंजिनच्या उष्णतेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होत असेल, म्हणून पाइप इंजिनपासून लांब बांधला. मग त्यांनीच कार्बोरेटर उघडून साफ केला आणि पेट्रोलचा पंप नवा बसवला. दर वेळी दोघं खुशीत असायचे, आणि दर वेळी म्हसावदच्या अलीकडे कुठेतरी आमचं प्रदर्शन भरायचं.

ट्रॅक्टर अडला त्या दिवशी घरी आल्या आल्या आप्पांनी मिस्त्रींना फोन लावला. "सगळं वायरिंग बदली टाकू," ते म्हणत होते. मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि बंद केला. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"काय करी ऱ्हायनी तू?"

"आप्पा, सगळं बदललं तर गाडी कदाचित सुरू राहील. पण कशानं राहिली ते कळणार नाही. घाटात मला ते कळलेलं हवंय."

"मंग काय करानं?"

"काही बदलायचं नाही. ती बंद पडते तेव्हाच तिला तपासायचं. ठिणगी नाहीये की पेट्रोल नाहीये, एवढंच आधी बघू."

ते चिडले. मला इंजिनातलं काय कळतं, असं म्हणाले. मीही काहीतरी बोलले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुम्हले दोन्हीसले चैन नही शे का?" असं विचारून ती उत्तराची वाट न बघता आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आप्पा गाडीत बसलेले होते, आणि शेजारच्या सीटवर पक्कड, पाने, रिकामी बाटली, रबरी नळी आणि हवा भरायचा पायपंप मांडून ठेवलेला.

आम्ही निघालो. गाडी बंद पडावी म्हणून वाट बघत जाणं हा विचित्र प्रवास होता. नेहमीची जागा मागे पडली, गाडी चालतीच. आप्पा माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. शेवटी एका केळीच्या बागेपाशी तो आचका आला, आणि मला हायसं वाटलं.

मी बॉनेट उघडलं. एका प्लगची वायर काढून पकडीनं इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. आप्पांनी किल्ली फिरवली.

"ठिणगी शे?"

"आहे. चांगली निळी आहे."

कॉईल, प्लग, वायरिंग, सगळं एका झटक्यात संशयातून सुटलं. मग कार्बोरेटरकडे येणारा पेट्रोलचा पाइप काढून मी बाटलीत सोडला. आप्पांनी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच फिरत राहिलं. बाटली कोरडी.

आप्पा खाली उतरले. त्यांचा चेहरा बदलला होता. आता ते माझ्यावर रागावलेले नव्हते, ते शोधायला लागले होते. टाकीचं झाकण काढून बघ म्हणाले. झाकणाचं भोक बुजलं असेल तर आत हवा जात नाही. झाकण काढलं, काहीच फरक नाही. पंप नवा, मग पेट्रोल अडतंय ते पंपाच्या आधी, टाकीच्या बाजूला.

"पंपनी मांगली नळी काढ," ते म्हणाले. "पायपंप लाव तिले. उलटी हवा सोड."

ते मागे गेले, रस्त्यावर गुडघे टेकले आणि टाकीला कान लावला. कुणीतरी मोटारसायकल थांबवून विचारलं, बाबांना चक्कर आली का. मी पायपंप दाबत होते. आधी पंप जड लागला, जागचा हलेना. मग एकदम हलका झाला.

"गुडगुडी ऱ्हायनं!" आप्पा ओरडले. "सुटनं, सुटनं!"

नळी परत बसवली आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. थंड व्हायची वाट बघावी लागली नाही. म्हणजे उष्णतेचा काही संबंधच नव्हता. टाकीत काहीतरी होतं. पेट्रोल ओढलं जायचं तसतसं ते सरकत येऊन नळीच्या तोंडावर चिकटायचं, आणि इंजिन थांबलं की सुटून बाजूला व्हायचं.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. सगळं पेट्रोल डब्यात काढलं, टाकी उलटी करून हलवली. आत काहीतरी हलकं सरकत होतं, पण बाहेर येत नव्हतं. आप्पा मला सांगत होते, जरा डावीकडे, जरा तिरकी, आणि माझे दंड भरून आले होते. शेवटी ती पडली: प्लॅस्टिकची एक पातळ गोल चकती. इंजिन साफ करायचं औषध मिळतं, पेट्रोलमध्ये ओतायचं, त्या बाटलीच्या तोंडावर असते तसली.

मी ती पुसली आणि हसत म्हणाले, त्या सुरतेच्या माणसाचं काम दिसतंय.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी चकती हातात घेतली. "नही. ती बाटली मी ओती व्हती. गाडी आणी तवय." चकती उलटीपालटी करून म्हणाले, "मन्हाच हातनी पडनी व्हई."

गाडी आणली तेव्हा! डॉक्टरांना तर त्यांनी सांगितलं होतं की थरथर या पावसाळ्यात सुरू झाली.

"तवयपासून हात थरथरतोय आप्पा?"

ते टाकीकडे बघत होते. "बाटली धरानी येत नव्हती," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "तुन्ही मायले सांगू नको."

रागवावं तर काय म्हणून? हात थरथरायला लागल्यावर त्यांनी डॉक्टर गाठायच्या ऐवजी गाडी घेतली होती. ती कशाला घेतली, हे मला आत्ता कळलं. पण त्या क्षणी मला राग आला नाही, फक्त लगेच निघावंसं वाटलं. टाकी धुतली, वाळवली, बसवली.

तोरणमाळला आम्ही गेलो. गाडी म्हसावद ओलांडून गेली, राणीपूर ओलांडून गेली, एकही आचका नाही. आप्पा ताठ बसून चालवत होते, टोपी उडू नये म्हणून तिच्यावरून रुमाल हनुवटीखाली बांधलेला. घाट सुरू झाला. पहिली वळणं त्यांनी छान घेतली. मग एका चढावर गिअर बदलताना डावा हात दांड्यावरून सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. गाडी मागे घसरली, वीतभरच, पण घसरली. त्यांनी हँडब्रेक ओढला. समोरून येणारी जीप वळसा घालून गेली.

मला वाटलं, ते म्हणतील परत फिरू. ते उतरले, बॉनेटला धरून धरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"आते तू चालव."

"आप्पा, थोडं थांबून बघा ना. तुम्हाला चढायचा होता घाट."

"चढी ऱ्हायनू ना," ते म्हणाले. "सरक तिकडे."

उरलेला घाट मी चालवला. ते शेजारी बसून स्वस्थ राहिले असते तर ते आप्पा कसले? नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत होते, प्रत्येक वळणाला हॉर्न वाजव म्हणत होते. एका खड्या चढाला माझा गिअर पडेना, तेव्हा त्यांनी उजव्या हातानं, जो अजून चांगला होता, दांडा पकडला आणि म्हणाले, "तू क्लच दाब." मी दाबला. त्यांनी गिअर टाकला. पुढच्या वळणालाही तसंच. वर पोचेपर्यंत आमचं तेच ठरून गेलं.

वर तोरणमाळच्या तलावाशी त्यांना क्षणभरही बसायचं नव्हतं. लोक गाडीभोवती जमले, फोटो काढायला लागले, मी चहा सांगितला. तोवर ते मागच्या चाकापाशी वाकलेले. "काही तरी वाजी ऱ्हायनं मांगे," ते म्हणाले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आता ते चालवत नाहीत. मीही लवकरच पुण्याला परतेन, पण तारीख ठरवत नाही. संध्याकाळी आम्ही शहाद्याला चक्कर मारतो. क्लच माझा, गिअर त्यांचा. परवा बसस्टँडसमोर एसटी आडवी आली, तेव्हा मी क्लच दाबायच्या आतच त्यांनी दांडा ओढला आणि खर्रकन असा आवाज झाला की पानटपरीवरची सगळी माणसं वळली.

"आप्पा, आधी मला दाबू द्या ना!"

"तू उशीर करी ऱ्हायनी," ते म्हणाले, आणि पुढचा गिअर टाकायला त्यांनी हात दांड्यावर ठेवून दिला.