मामांच्या गालातला दात

माझ्या बायकोच्या मामांइतका दातांच्या डॉक्टरला घाबरणारा माणूस खाडीच्या अल्याडपल्याड दुसरा झाला नसेल. दाढदुखी त्यांच्या पाचवीला पुजलेली, पण वाशीच्या दवाखान्यात त्यांची मजल बाहेरच्या बाकापर्यंतच. आतून यंत्राची घरघर ऐकू आली, की "जावईबापू, आता बरं वाटतंय हो," म्हणत चपला घालून थेट रस्त्यावर! एकदा कंपाउंडरनं नाव पुकारलं, तर यांनी शेजारच्या गृहस्थालाच आत ढकललं. तो बिचारा बायकोला न्यायला आला होता. मात्र बाकावर बसून बसून मामांना दातांचं एवढं ज्ञान झालं होतं, की कुणाचाही दात ठणकला की खिशातून लवंगेच्या तेलाची बाटली निघायची आणि प्रवचन सुरू व्हायचं. ते थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. समोरच्याची दाढ राहायची आणि डोकं दुखायला लागायचं.

ऐंशीच्या दशकात आम्ही बोनकोड्याला एका कौलारू घरात भाड्यानं राहत होतो. महापेच्या माझ्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी असे, आणि त्या दिवशी मामा सकाळपासूनच हजर. अशाच एका गुरुवारी आमची आठ वर्षांची लेक विटांच्या ढिगावरून तोंडावर आपटली. धावत गेलो, तर फ्रॉक रक्तानं माखलेला आणि वरचा पुढचा दात गायब. घरमालकीण आजी तिला कुशीत घेऊन समजावत होत्या, "कशाला रडतंस गो बाय? दात कौलावर टाकलाय मी. आता नवा येल."

"कौलावर?" मामा असे किंचाळले, की आजी पोरीसकट दचकल्या. "अहो, तो दुधाचा नव्हता! दुधाचा मागंच पडला. आता नवा कुठला यायला? तासाभरात परत बसवला तर लागतो, बाकावर ऐकलंय मी!"

जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरणारा हा माणूस लेंगा खोचून कुंपणावरून छपरावर गेला. मी खाली आ वासून उभा. कौलं फुटल्याचे आवाज आले, मग "सापडला!" अशी आरोळी. मामा उतरले तेव्हा गुडघे फुटले होते, पण दात चिमटीत सुखरूप होता. आजी तो घासायला राखुंडी घेऊन आल्या. "घासू नका! मुळाला हात नको! नुसतं पाणी, आणि मग दुधात ठेवायचा." पण घरातल्या सगळ्या दुधाला विरजण लावलेलं. पोरीच्या तोंडात ठेवावा तर ती हुंदक्यासरशी गिळायची. मला तर तो दात बघूनच घेरी येत होती. मामांनी एकदा पोरीकडे पाहिलं आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो दात स्वतःच्या गालात ठेवला.

"अगो बया!" आजी मटकन खालीच बसल्या.

आजींच्या मुलाच्या टेम्पोतून आम्ही निघालो. अख्ख्या रस्त्यात मामा गप्प! मला लग्नापासून ठाऊक असलेला माणूस हा नव्हेच. "डॉक्टर हाय ना आज?" आजींच्या मुलानं विचारलं, तर उत्तर भुवयांनी. खड्डा आला की मामा दोन्ही हातांनी गाल धरत. त्यांना शिंक आली तर काय, या भीतीनं मी अर्धा झालो होतो. "मामाआजोबा, गिळला नाही ना?" लेकीनं रडत विचारलं. मामांनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

दवाखान्यात ते बाकापाशी थांबलेच नाहीत. तडक आत गेले आणि जन्मात पहिल्यांदा डॉक्टरसमोर तोंड उघडलं. डॉक्टरांनी चिमट्यानं दात उचलला, आत जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हिचा ठीक आहे. तुमच्या दातांचं मात्र कठीण दिसतंय." तेवढ्यात घरघर सुरू झाली. मी दाराकडे पाहिलं. म्हटलं, हे निघाले आता. पण लेकीनं त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. मामा डोळे मिटून, तारेनं दात बांधून होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

दात लागला. पुढं मामांचे एकेक करून सगळे पडले, आणि मग मामाही गेले. लेकीचा तो दात थोडा काळवंडलाय. तिच्या लग्नाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, त्यावर पांढरी टोपी बसवून घे, फोटोत बरं दिसेल. ती म्हणाली, "नको. मामाआजोबांनी आणलाय तो."

ती हसली की तो दात दिसतो, आणि टेम्पोत गाल धरून गप्प बसलेले मामा मला आठवतात.