शेवटून पहिला

बायको पुण्याला गेली त्याला आता दोन वर्षं होतील. भांडून नाही हो, नातीसाठी. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, आणि पोरीला पाळणाघरात ठेवायचं हिला मुळीच पटेना. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," म्हणाली आणि दोन बॅगा घेऊन गेली. मी का नाही गेलो? गेलो होतो की! पंधरा दिवस राहिलो. दोन खोल्यांचं घर. मी सोफ्यावर झोपायचो आणि सगळ्यांच्या आधी उठून सोफा मोकळा करायचो. सोळाव्या दिवशी म्हटलं, "कुंड्यांना पाणी कोण घालणार?" आणि परत आलो. कुणी थांबा म्हटलं नाही.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. त्यात नात दिसते, नातीचा खाऊ दिसतो, पंखा दिसतो. मला कुणी बघत नाही. "जेवलात का?" एवढं हिचं ठरलेलं, आणि "जेवलो" एवढं माझं. आठवडाभर दूधवाला, भाजीवाली, पेन्शनवाले दोघं-तिघं यांच्यात निभावून जातं. रविवार मात्र खायला उठतो. एका रविवारी सकाळपासून मी एक अक्षरही बोललो नव्हतो. संध्याकाळी फोन आला तेव्हा आवाजच फुटेना, दोनदा खाकरावं लागलं. ही म्हणाली, "सर्दी झाली का?" म्हटलं, "व्हय."

अशात कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची पळणारी मंडळी मिळून आमच्या शहरालगतच्या सातारा डोंगरात पाच किलोमीटरची ट्रेल रन, म्हणजे डोंगरवाटेनं पळायची शर्यत, ठेवणार होते. रविवारी सकाळी, लहानथोर सगळ्यांसाठी. मी असल्या गोष्टींना नावं ठेवणारा माणूस. आमच्या गावी, पिशोरला, बैल उधळला तरच माणूस पळायचा. पण निरोपाच्या शेवटी एक ओळ होती: शेवटचा माणूससुद्धा एकटा राहणार नाही. ती ओळ मी दोनदा वाचली आणि नाव देऊन टाकलं. शेजाऱ्यांना सांगितलं, टी-शर्ट फुकट मिळतोय म्हणून.

डोंगराच्या पायथ्याला शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. थंडी चांगली होती. पोरं उड्या मारत होती, बाया एकमेकींचे फोटो काढत होत्या, आणि जो तो कुणाबरोबर तरी आलेला. मी आपला टी-शर्टावरचा नंबर नीट करत उभा. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी भोंग्यावरून नियम सांगितले. वाटेवर चुन्याच्या खुणा आहेत, घाई करू नका, आणि सगळ्यात मागं हिरवा झेंडा घेऊन एक माणूस असेल. आमच्यात त्याला शेपूट म्हणतात, म्हणाल्या. शेवटच्या माणसाच्या पुढं जायचं नाही, हे त्याचं काम.

सुटली शर्यत. पहिली दोनशे पावलं मी सगळ्यांबरोबर होतो. मग तरणी पोरं गेली, मग बाया गेल्या, मग दहाएक वर्षांची एक पोरगी वेण्या उडवत गेली. "चलो काका, हो जायेगा!" असं एक जण ओरडला आणि तोही गेला. धूळ खाली बसली तेव्हा मुरमाच्या वाटेवर मी एकटाच. मनात म्हटलं, घ्या, इथंही तेच.

"नमस्कार काका," मागून आवाज आला. "सावकाश चला. आपल्याला कुठं बक्षीस आणायचंय?"

हेच ते शेपूट. चाळिशीचा, अंगानं भरलेला, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. मूळचा लासूर स्टेशनचा. लासूर म्हटल्यावर मी बाजाराचं विचारलं, बाजारावरून मक्यावर आलो, मक्यावरून पिशोरच्या आलं-लसणावर, आणि मग जी माझी तोंडाची टकळी सुरू झाली ती थांबेचना. पाटबंधारे खात्यातली बत्तीस वर्षं सांगितली. एकदा कालव्यात जीप घातली होती ते सांगितलं. तो हसला, अगदी पोट धरून हसला. माझ्या गोष्टीवर कुणी हसल्याला किती दिवस झाले होते! त्याला "तुम्ही" म्हणता म्हणता मी "तू"वर कधी आलो, माझं मलाच कळलं नाही.

तोही बोलला. पोराच्या दहावीचं बोलला, आईच्या मोतीबिंदूचं बोलला. माझं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वीच झालंय म्हटलं. "काका, तुमच्या डोळ्याचं कुठं केलं?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. डोळ्यावर मी अर्धा किलोमीटर बोललो असेन.

पहिली चढण संपली आणि पुढं गुलाबी टोपी दिसली. एक बाई, पन्नाशीच्या आतबाहेरच्या, एकट्याच चालत होत्या. पाय जरा ओढत होत्या. शंभरेक पावलांचं अंतर असेल.

आता माझं खरं सांगतो. मी रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर चालतो. गुडघे माझे ठणठणीत आहेत. मनात आणलं असतं तर त्या बाईंना मी पाच मिनिटांत गाठलं असतं. पण गाठलं की शेवटच्या त्या होणार. मग झेंडेवाला त्यांच्यामागं राहणार आणि मला म्हणणार, काका, तुम्ही व्हा पुढं. नियमच होता तसा.

म्हणून मी बसलो. बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. मोज्यात कुसळं शिरली होती, ती एक एक करून काढली. पुढच्या वळणावर थांबून खालचं शहर दाखवलं, बीड बायपासच्या इमारती दाखवल्या, आमची कॉलनी कुठं असेल ते उगाचच शोधलं. तो बिचारा घड्याळ बघायचा आणि पुन्हा माझ्याकडं.

"काका, जरा उचला की पाय. ताई लंगडल्यासारख्या चालल्यात. सोबतीनं उतरू आपण."

"अरे, गुडघा," मी म्हणालो. आणि गुडघ्यावर हात ठेवला. साठी उलटलेला माणूस, पण लाज वाटली नाही मला त्या क्षणी. "उतारावर लई त्रास होतो."

"बरं बरं, सावकाश," तो म्हणाला आणि त्यानं माझा दंड धरला. दंड धरून चालवलं हो मला त्यानं! दोन वर्षांत माझ्या अंगाला हात लावलेला माणूस म्हणजे एक न्हावी. मी गुडघा आणखी वाकवला.

गुलाबी टोपी वळणाआड गेली. मी नातीचं सांगत होतो. ती फोनवर मला "तात्या" म्हणते असं सांगत होतो, खरं तर ती मला अजून काहीच म्हणत नाही. तेवढ्यात खालून आवाज आला. किंकाळी नाही, नुसतं "आई गं!" आणि खडे घरंगळल्याचा आवाज.

तो पळाला. मीही पळालो.

बाई उताराच्या कडेला आडव्या पडल्या होत्या. सुट्या मुरमावरून पाय सटकला होता. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता, कोपर फुटलं होतं. त्या रडत नव्हत्या, उलट आम्हालाच म्हणाल्या, "मागं कुणी आहे का ते बघत होते हो. वळून बघताना गेला तोल."

आम्ही सोबत असतो तर त्या कशाला वळून बघतील?

फोनला रेंज नव्हती. त्याला बाईंना सोडून जाता येईना. त्यानं शिट्ट्या मारल्या, पण पुढचे सगळे केव्हाच पोचले होते. मग तो माझ्याकडं बघून घुटमळला. "काका, तुमचा गुडघा..."

"जातो मी," म्हटलं आणि सुटलो.

उतारावरून एक किलोमीटर मी पळालो. चालणं नाही, पळणं. तो मागून बघत असणार, हे मला पाठीला कळत होतं. पण थांबून लंगडायची सोय राहिली नव्हती.

खाली मंडप दिसला. मला पळत येताना बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा काका! जबरदस्त!" डॉक्टरीणबाई मेडल घेऊन पुढं आल्या. मला धाप लागली होती. "ताई पडल्यात," एवढंच निघालं. "वरती. पाय."

टाळ्या थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी मेडल टेबलावर टाकलं, औषधांची पेटी उचलली. आठ-दहा जण माझ्या दोन्ही बाजूंनी वर पळाले. उरलेले वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मंडपात भोंग्यावर गाणं चालू होतं आणि पोह्यांचं पातेलं होतं. मी पातेल्याजवळ उभा राहिलो.

अर्ध्या तासानं त्यांनी ताईंना खुर्चीवर बसवून आणलं. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. त्यांना सावलीत बसवलं, भोवती सगळे गोळा झाले. कुणी पाणी, कुणी बर्फ. माझ्याकडं लक्ष गेलं तसे ताईंनी हात जोडले. "काका, तुम्ही पळालात म्हणून."

मी मान खाली घातली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्यांना कुणी चहा दिला.

झेंडेवाला माझ्याजवळ आला. घामानं निथळत होता. मला वाटलं, आता विचारणार. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडलो तरी असतो. त्यानं माझ्या गुडघ्याकडं एकदा बघितलं आणि खांद्यावर हात ठेवला. राग नव्हता त्याच्या आवाजात.

"काका, लई दमलात आज," तो म्हणाला. "जा आता घरी, आराम करा."

मी म्हटलं, "व्हय, जातो." तो लगेच ताईंकडं वळला. घरी जायला लागू नये म्हणून तर मी इतका हळू चाललो होतो रे बाबा.