बोरीचा दस्ता

अरब मुलखातल्या यान्बू शहराच्या जुन्या बाजारामागे दत्तात्रय मेस्त्रींचं मोठं वर्कशॉप आहे, असं राजापूरकडच्या त्यांच्या वाडीत सगळे छाती फुगवून सांगतात. वर्कशॉप आहे हे खरं, पण ते दुसऱ्याचं. दत्ता तिथे गेली चौदा वर्षं सुतारकाम करतो. कपाटं, दारं, ऑफिसची काउंटरं असलं काम. गावाला तेवढा फरक कोणी समजावत बसलं नाही, आणि दत्तानेही कधी तोंड उघडलं नाही. तोंड न उघडण्याची त्याची सवय तशी जुनीच.

त्याचं खरं नाव झालं ते बंदुकीच्या दस्त्यांमुळे. बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकतो आणि गालाला लागतो, तो दस्ता. हे कसब त्याच्या वडिलांचं. कोकणात डुकरं शेतात शिरतात म्हणून दर दोन-चार वाड्यांत एखादी परवान्याची बंदूक असते. तिचा दस्ता फुटला की लोक पंचक्रोशीतून त्याच्या वडिलांकडे येत. वडील मालकाचा हात कोपरात वाकवून माप घेत आणि फणसाचा नाहीतर शिवणीचा दस्ता घडवत. मागची लोखंडी पट्टी ठोकण्याआधी आतल्या लाकडावर ते पेन्सिलीने लिहीत: लाकूड कुठलं, झाड कोणाच्या परसातलं, तारीख, आणि खाली स्वतःचं नाव. लहानपणी दत्ताने एकदा विचारलं होतं, "बाबा, पट्टीच्या आत कोण बघणार हे?" वडील म्हणाले, "मेल्या, मी बघतोय ना!"

यान्बूत हे कसब ओळखलं अबू झयानने. रिफायनरीतून निवृत्त झालेला हा इंजिनियर बंदुकांचा भारी शौकीन. नळी एका देशातून मागवायची, खटका, म्हणजे मूठ ओढून गोळी भरायचा लोखंडी भाग, दुसऱ्या देशातून, सगळं परवान्यानिशी, कागदपत्रं फाइलला लावून. मग बैठकीच्या खोलीमागे टेबल मांडून महिनोन्महिने ती रायफल जुळवत बसायचं. जीव मारायची हौस त्याला अजिबात नव्हती. तीनशे मीटरवर टांगलेल्या लोखंडी पत्र्यावर गोळी लागून टण्ण झालं की त्याचा चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला हसू यावं. त्याच्या सहा रायफलींचे दस्ते दत्ताने केले. सहाही अक्रोडाचे. आणि सहाही दस्त्यांच्या आत दत्ताने वडिलांसारखंच पेन्सिलीने लिहिलं. अबू झयानला हा रिवाज ठाऊक होता. काही वाचता येत नसलं तरी मित्रांपुढे तो त्याची फुशारकी मारायचा, "माझा सुतार लाकडाची जन्मपत्रिका लिहितो."

दोन वर्षांपूर्वी अबू झयानच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. दुसरा कोणी असता तर बंदुका कपाटात ठेवून मोकळा झाला असता. ह्याने डाव्या खांद्यावरून नेम धरायचा सराव सुरू केला आणि डावखुऱ्यासाठी नवी रायफल बांधायला घेतली. त्याच सुमारास त्याचे वडील वारले. मदिनेजवळ त्यांचा खजुराचा मळा. मळ्यात विहिरीपाशी बोरीचं जुनं झाड होतं. तिकडे त्याला सिद्र म्हणतात. म्हातारा त्या झाडाखाली बसूनच जगला म्हणायला हरकत नाही. खोडात एक खिळा ठोकून त्यावर तो आपला रेडिओ टांगायचा. म्हातारा गेला आणि पुढच्याच वादळात झाड पडलं. मदिनेच्या त्या हद्दीत मुसलमान नसलेल्या दत्ताला जाता येत नाही, म्हणून खोड आणायला अली गेला. अली हा अबू झयानचा ड्रायव्हर, हर्णैचा. दत्ताचं मोडकंतोडकं अरबी जिथे अडायचं तिथे तोच दुभाषा व्हायचा.

खोड आतून पोकळ निघालं. जेमतेम दस्त्यापुरती एकच फळी धड मिळाली. रेडिओच्या खिळ्याने तिच्यात रुपयाएवढा काळा डाग पडला होता. अबू झयानने फळी दत्ताच्या हातावर ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याचे हात धरले. अलीने सांगितलं, "मेस्त्री, ते म्हणतायत, हा डाग गालापाशी येऊ द्या. आणि दुसऱ्या कुणाला ह्या लाकडाला हात लावू देऊ नका."

दत्ताने तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. भिंतीवर त्याचा फर्मा टांगलेला होता. सहा रायफली ज्यावरून झाल्या तोच प्लायवुडचा फर्मा. तो त्याने फळीवर ठेवला, कडेने पेन्सिल फिरवली आणि कामाला लागला. हात असा चालत होता की विचार करायची गरजच नव्हती, आणि दत्ताने तो केलाही नाही. गालाचा उंचवटा झाला, खटक्याची खाच झाली, डाग अगदी हवा तिथे आला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने नवा खटका खाचेत बसवायला घेतला आणि तो बसेना. खटक्याची मूठ डावीकडे, खाच उजवीकडे. डोळस सुताराने एका डोळ्याच्या माणसासाठी उजव्या हाताचा दस्ता कोरला होता.

तो खाली बसला. नुसती लाज वाटली. भरायला, सांधायला, वळवायला काही जागाच उरली नव्हती. लाकूड एकदा निघालं की निघालं. वडिलांनी आयुष्यात कुणाचं झाड वाया घालवलं नव्हतं, आणि ह्याने घालवलं ते मेलेल्या माणसाचं.

आता सरळ उठून अबू झयानकडे जायचं आणि सांगायचं, चुकलं. फार तर तो ओरडला असता. पण दत्ताला त्याच्या ओरडण्याची भीती नव्हती. 'माझा सुतार' म्हणताना त्याचा जो चेहरा व्हायचा तो पुन्हा दिसणार नाही, ही भीती होती. माणूस कौतुकाला चटावला की कसा मिंधा होतो ते दत्ताकडे बघून समजावं.

तो वखारीत गेला आणि बोरीची दुसरी फळी घेऊन आला. कुणाच्या मळ्यातली, देव जाणे. ह्या वेळी फर्मा उलटा ठेवला. दस्ता उत्तम झाला, पहिल्यापेक्षाही सरस. फक्त डाग नव्हता. मग दत्ताने एका वाटीत व्हिनेगर घेतलं, त्यात गंजके खिळे चार दिवस भिजत घातले, आणि ते काळं पाणी बारीक कुंचल्याने गालापाशी थेंब थेंब मुरवलं. रुपयाएवढा डाग, कडेला थोडा विटकरी. आतापर्यंत झाली ती चूक होती. हे मात्र समजून-उमजून केलेलं होतं. चार दिवस रोज वाटीतलं पाणी किती काळं झालं ते तो वाकून बघत होता.

मागचा रबरी ठोकळा बसवण्याआधी त्याने सवयीने पेन्सिल घेतली. 'बोर' एवढं लिहिलं आणि हात थांबला. 'मळा मदिना' काही केल्या लिहिता येईना. बाहेर डागापर्यंत खोटं चाललं, पण आत, जिथे वडील बघतात, तिथे चालेना. शेवटी त्याने लिहिलं: 'बोर. पण हे त्या झाडाचं लाकूड नाही. ते माझ्या हातून बिघडलं. डागही मीच केला. क्षमा असावी. दत्तात्रय.' वर ठोकळा ठेवून स्क्रू आवळले. बिघडलेला दस्ता लुंगीत गुंडाळून खोलीतल्या कॉटखाली सरकवला. तो जाळायचं धाडस त्याला झालं नाही.

अबू झयानने रायफल हातात घेतली आणि आधी नेम धरला नाही की खटका ओढून पाहिला नाही. डागावर ओठ टेकले आणि तसाच राहिला. दत्ता दाराच्या चौकटीकडे बघत उभा होता. चौकटीचा सांधा किती ओबडधोबड आहे हे त्याने त्या मिनिटात पाठ केलं.

आठ महिने गेले. थंडीत एका शुक्रवारी अबू झयानने वाळवंटात तंबू टाकला. चार-पाच मित्र, त्याची मुलगी सफूरा, गहवा, म्हणजे तिकडची कॉफी, ओतायला अली, आणि आग्रहाने बोलावलेला दत्ता. सफूरा दातांची डॉक्टर, जन्माची डावखुरी. नुकतीच ती नेमबाजी शिकायला लागली होती. आजोबांच्या झाडाची रायफल तिने आज पहिल्यांदा हातात घेतली. दस्ता तिच्या हाताला लांब पडत होता. "मागचा ठोकळा काढला की बोटभर कमी होईल," म्हणत तिने बापाच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला. दत्ता उठेपर्यंत दोन्ही स्क्रू तिच्या तळहातावर होते.

"बाबा, इथे काहीतरी लिहिलंय!"

अबू झयान लहान मुलासारखा हसला. मित्रांना म्हणाला, "सांगितलं नव्हतं? लाकडाची जन्मपत्रिका!" आणि दत्ताला म्हणाला, "वाच. मोठ्याने वाच. माझ्या बापाच्या झाडाबद्दल आहे. अली अर्थ सांगेल."

सफूराने दस्ता त्याच्यापुढे धरला. दत्ताला काहीही वाचता आलं असतं, तिथे मराठी कोणाला येत होतं? एकाला येत होतं, आणि तो गहव्याची किटली घेऊन शेजारीच उभा होता. दस्ता अलीच्या डोळ्यांसमोरच होता. दत्ताने वाचलं. जसं होतं तसं, अक्षर न् अक्षर, खाली नावापर्यंत. आपला आवाज त्याला परका वाटत होता. लोकांनी अदबीने माना खाली घातल्या होत्या.

"अर्थ?" अबू झयानने विचारलं.

दत्ताने अलीकडे पाहिलं. अलीने किटली खाली ठेवली. मोजून एक श्वास घेतला आणि अरबीत म्हणाला, "ह्यात लिहिलंय, ज्यानं हे झाड लावलं त्याची सावली त्याच्या लेकरांवर राहो."

"आमीन," सगळे म्हणाले. अबू झयानने डोळे पुसले. सफूराच्या पहिल्याच गोळीला पत्रा टण्ण वाजला आणि टाळ्या झाल्या. दत्तानेही टाळ्या वाजवल्या.

परत येताना गाडीत दोघेच होते. अर्धा रस्ता मागे पडला. मग अली रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मेस्त्री, ते खोड मी आणलं. उचलायच्या आधी तिथं उभा राहून त्या म्हाताऱ्याच्या नावानं फातिहा पढलोय मी. आणि आज त्याच्या पोराला तोंडावर खोटं सांगितलं."

"अलीभाई, मी तुम्हाला खोटं बोला म्हणून सांगितलं नव्हतं."

"तेच तर. तुम्ही खरं वाचून मोकळे झालात. खोटं माझ्या वाट्याला आलं."

दत्ताला वाटलं, गाडीतून उतरून वाळूत चालायला लागावं. आपण मोठ्याने खरं वाचलं म्हणून मघापासून मनाच्या कोपऱ्यात त्याला जरा हलकं वाटत होतं, आणि त्या हलकं वाटण्याची त्याला आता सगळ्यात जास्त शरम वाटली. अलीने त्याला खोलीपाशी सोडलं. रोज म्हणायचा तसं "यल्ला मेस्त्री, भेटू" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता लुंगीतलं गाठोडं घेऊन अबू झयानकडे गेला. अलीला न सांगता. अरबी मोडकं होतं, पण ह्या कामाला पुरेसं होतं. त्याने गाठोडं सोडून दस्ता त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "हे तुमच्या वडिलांचं झाड. मी उजव्या हाताचं केलं. चूक माझी. ते दुसरं बाजारातलं. डागही माझा. खिळे आणि व्हिनेगर."

अबू झयानने दस्ता मांडीवर घेतला. अंगठा डागावर गेला आणि तिथेच राहिला.

"अलीला माहीत होतं?"

"नाही," दत्ता म्हणाला. "काल मी लिहिलेलं वाचलंच नाही. मनाचं बोललो. अलीने त्याचाच अर्थ सांगितला." खरं सांगायला आलेला माणूस पुन्हा खोटं बोलला. पण निदान हे खोटं त्याने दुसऱ्याच्या गळ्यात घातलं नाही.

अबू झयान उठला, कपाट उघडून ती रायफल काढली आणि दोन्ही डाग शेजारी शेजारी धरले. सारखेच दिसत होते. दत्ताचं काम चोख होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर फार बरं झालं असतं.

"बाप गेला तेव्हा मी इथे रायफल जुळवत होतो," तो हळू म्हणाला. "फोन आला होता. उचलला नाही. जे बोलायचं होतं ते राहून गेलं. गेले आठ महिने रोज सकाळी ह्या डागावर हात ठेवून ते बोललो. सगळं बोलून झालं होतं, दत्ता."

त्याने बाजारातल्या लाकडाची रायफल टेबलावर ठेवली.

"आता परत कसं बोलू?"

दत्ताने मोकळी लुंगी उचलून हातात धरली. तिची घडी घालावी की नाही हे त्याला कळेना.